स्टिरिओ ७० ची रेक्टिफायर ट्यूब: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. डायनाको स्टिरिओ ७० हा जुना, ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर किंवा त्याच जातीचा, चार ईएल३४ (स्पीकरला ताकद देणाऱ्या ट्यूब) वाला अँप तुमच्याकडे असेल आणि रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारी ट्यूब, बदलायची वेळ आली असेल, तर जुनी पण टेस्टरवर तपासलेली, इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्याची जीझेड३४ घ्या. खिशाला ते परवडत नसेल तर नव्या उत्पादनातली जीझेड३४ घ्या, पण सॉकेटखाली डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घातल्याशिवाय ती लावू नका. आणि केवळ ‘आवाज गोड होतो’ म्हणून रेक्टिफायर बदलत बसायचा विचार असेल, तर ते पैसे रेकॉर्डवर घाला.

माझा अँप १९५९ सालच्या मूळ आराखड्याचाच आहे. फिलाडेल्फियाच्या डेव्हिड हाफलर यांच्या कंपनीने तो किट म्हणूनही विकला. लोक घरी बसून जोडायचे. पुण्यात चालवायचा म्हणून पॉवर ट्रान्सफॉर्मर तेवढा २३० व्होल्टचा आणि जाड वाइंडिंगचा बसवून घेतला आहे. या अँपात प्रत्येक ईएल३४ साधारण ५० मिलिअँपिअर घेते. म्हणजे गाणं लावलेलं नसतानाच २०० झाले, ईएल३४ ना सिग्नल पुरवणाऱ्या ड्रायव्हरच्या ट्यूब वेगळ्या. जीझेड३४ ची (हिचंच अमेरिकन नाव ५एआर४) कमाल मर्यादा २५०. लहान अँपात हीच ट्यूब आरामात लोळत पडलेली असते, इथे ती रोज काठावर काम करते. त्यामुळे ‘माझी तर वर्षानुवर्षं चालली’ असं कुणी सांगितलं तर आधी त्याचा अँप कुठला ते विचारा.

सुरुवात मी नव्या ट्यूबने केली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण एका नगावरून निकाल देणं बरोबर नाही. पहिले काही आठवडे काहीच तक्रार नव्हती. मग एका संध्याकाळी गाणं चालू असताना लाइट गेले आणि दोन-तीन सेकंदांत परत आले. ट्यूबच्या आत निळसर पांढरा लख्ख प्रकाश, स्पीकरमधून एक ‘टक्’, आणि फ्यूज गेला. गार झाल्यावर ट्यूब खिडकीपाशी धरून पाहिली तर काचेच्या आतल्या बाजूला चकचकीत कण चिकटलेले, आणि प्लेटच्या फटीतून कॅथोडवर (तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, प्लेट ते झेलते) एक काळा ठिपका दिसत होता. फ्यूज ठरलेल्या क्षमतेचा होता म्हणून ट्रान्सफॉर्मर वाचला.

आपल्याकडे रेक्टिफायर म्हातारपणाने कमी आणि अशाने जास्त मरतात, असं माझं मत झालं आहे. थंड अँप चालू केला की जीझेड३४ चा कॅथोड सावकाश तापतो, व्होल्टेज हळूहळू चढतं आणि फिल्टरचा कपॅसिटर (वीज साठवून डीसी सपाट करणारा भाग) दमाने भरतो. लाइट जाऊन लगेच आले की कॅथोड तापलेलाच असतो, ईएल३४ नी कपॅसिटर मात्र रिकामा केलेला असतो. तो भरायला लागणारा सगळा करंट एका झटक्यात ट्यूबमधून ओढला जातो, आणि प्लेट-कॅथोडमधल्या जेमतेम अंतरात ठिणगी पडते. अमेरिकेत बसून लिहिलेल्या सल्ल्यांत हा मुद्दा फारसा येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात हे रोजचं आहे.

उपाय साधा निघाला. शेतावरच्या पाण्याच्या मोटरला असतो तसा हिरव्या-लाल बटणांचा स्टार्टर, त्याचाच लहान भाऊ म्हणजे एक कॉन्टॅक्टर, अँपच्या आधी टाकला. लाइट गेले की तो सुटतो आणि हिरवं बटण दाबेपर्यंत अँपला वीज जात नाही. बटण दाबायच्या आधी दोन-चार मिनिटं थांबायचं. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास सगळं सामान मिळालं. नव्या ट्यूबच्या किमतीपेक्षा खर्च बराच कमी झाला.

दुसरा उपाय डायोडचा. सॉकेटच्या ४ आणि ६ नंबरच्या पिनांवर ट्रान्सफॉर्मरच्या वायरी येतात, त्यांत १एन४००७ घालायचे. ट्यूब शॉर्ट झाली तरी एसी कपॅसिटरपर्यंत पोचत नाही. बरेच जण प्रत्येक वायरीत एकच डायोड घालतात, मी दोन-दोन घातले. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (व्होल्टेज बाहेर देणारी वाइंडिंग) ३६०-०-३६० ची आहे, म्हणजे शिखर ५०९ व्होल्ट. ट्यूब शॉर्ट झाल्यावर डायोडवर त्याच्या दुप्पट, १०१८ व्होल्ट उलटे येतात आणि १एन४००७ ची मर्यादा आहे १०००. दोन रुपयांसाठी कशाला काठावर राहायचं? हे काम करताना कपॅसिटर रिकामा झाल्याची मीटरने खात्री करा. चारशेच्या वर व्होल्ट असतात, चेष्टा नाही.

मधल्या काळात ५यू४जीबी लावून पाहिली, कारण ती स्वस्त मिळते. तिचा फिलॅमेंट (आतली तापणारी तार) ३ अँपिअर घेतो, जीझेड३४ चा १.९. माझा बदललेला ट्रान्सफॉर्मर ते सोसतो, तुमचा सोसेल असं गृहीत धरू नका. दुसरं असं की तिच्यात वेगळा कॅथोडच नाही, फिलॅमेंटच ते काम करतो, त्यामुळे काही सेकंदांतच पूर्ण व्होल्टेज हजर. ईएल३४ तेव्हा अजून थंड असतात, भार शून्य, आणि सगळा दाब कपॅसिटरवर. रेक्टिफायरच्या जागी लावायचे सॉलिड स्टेट प्लग (आत ट्यूबऐवजी डायोड असलेले) मिळतात, त्यांचं तर याहून वाईट. मूळ कपॅसिटर ५२५ व्होल्टचा आहे. शिखर ५०९ धरलं तरी रात्री उशिरा आमच्याकडे सप्लाय २४५ पर्यंत चढतो, म्हणजे ५४० च्या वर. मी तो प्लग लावलाच नाही.

आता आवाजाचं. २२५ मिलिअँपिअरला जीझेड३४ मध्ये साधारण १७ व्होल्ट पडतात, ५यू४जीबी मध्ये ४४ च्या आसपास. फरक पंचवीस-तीस व्होल्टचा. ४१५ चे ३९० झाले तर ताकद साधारण १२ टक्क्यांनी घटते, म्हणजे जेमतेम अर्धा डेसिबल. तो कानाला कळतो असं कुणी सांगितलं तर मी ऐकून घेतो, वाद घालत नाही. खरी मेख बायसमध्ये, म्हणजे गाणं नसताना ईएल३४ मधून किती करंट जावा याच्या सेटिंगमध्ये आहे. व्होल्टेज बदललं की ईएल३४ चा करंटही बदलतो. अँपच्या समोरच्या बाजूच्या टेस्ट पॉइंटवर मीटर लावून तो पुन्हा १.५६ व्होल्टवर आणल्याशिवाय केलेली तुलना ही रेक्टिफायरची तुलनाच नव्हे. बायस नीट लावून मी भीमसेनांचा द्रुत आणि कुमारांचं निर्गुणी भजन दोन्ही ट्यूबवर ऐकलं. आवाज मोठा ठेवला तर ५यू४जीबी वर डग्ग्याचा घुमारा किंचित सैल वाटला. घरातल्या नेहमीच्या आवाजाला मला दोन्ही सारख्याच.

शेवटी जुनी ट्यूब घेतली. ती घेताना काचेवरचं छापील नाव पाहू नका. मलार्ड या ब्रिटिश कंपनीने ब्लॅकबर्नच्या कारखान्यात बनवलेल्या जीझेड३४ कितीतरी अमेरिकन ब्रँडांच्या नावाने विकल्या गेल्या, आणि छपाई अंगठ्याने पुसली जाते, नवी मारताही येते. काचेच्या तळाशी, बेसच्या अगदी वर, बारीक करड्या अक्षरांत दोन ओळींचा कोड असतो. तो ट्यूब तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही. पहिल्या ओळीत एफ३१, एफ३२ असं काहीतरी, आणि दुसरी ओळ बी ने सुरू झाली की ट्यूब ब्लॅकबर्नची. त्यापुढचा आकडा वर्षाचा. माझ्या ट्यूबवर भलत्याच अमेरिकन कंपनीचा शिक्का आहे, त्यामुळे ती मलार्ड छापलेल्या ट्यूबपेक्षा बरीच स्वस्त पडली. विकणाऱ्याकडून टेस्टरचे आकडे दोन्ही प्लेटचे वेगवेगळे मागा. एक ८० आणि दुसरी ५५ असेल तर सोडून द्या. जपानच्या मात्सुशिताची ५एआर४ मिळाली तर तीही चांगली, आणि तिच्यामागे लागणारी गर्दी कमी.

ही ट्यूब बसवल्यापासून महिन्यातून एकदा ८ नंबरच्या पिनेवरचं (रेक्टिफायरमधून बाहेर पडणारं) व्होल्टेज वहीत लिहून ठेवतो, सोबत त्या वेळचा सप्लायही, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. सप्लायचा फरक वजा केला तर अजून घसरण दिसलेली नाही. काही वेळा लाइट जाऊन आले, पण कॉन्टॅक्टरने आपलं काम केलं.

दोन सूचना राहिल्या. ५वाय३ पिनला पिन जुळते म्हणून या अँपात घालू नका, तिची झेप १२५ मिलिअँपिअरपर्यंतच. आणि कपॅसिटरचा डबा (एकाच डब्यात अनेक कपॅसिटर असतात) बदलणार असाल तर पहिल्या जागी, म्हणजे रेक्टिफायरच्या लगेच पुढे, मूळ ३० मायक्रोफॅरडचाच भाग असतो हे लक्षात ठेवा. जीझेड३४ ला ६० ही कमाल मर्यादा आहे. हल्ली ८० चा भाग असलेले डबे मिळतात. तो ८० पहिल्या जागी जोडलात तर कितीही महागाची ट्यूब घ्या, टिकणार नाही.