तेवीस रुपये साठ पैशांचा गुमास्ता

पुण्यात 'शॉप ॲक्ट' म्हणतात, मुंबई-नागपूरकडे 'गुमास्ता'. कागद एकच: धंदा सुरू केल्याची सरकारदरबारी नोंद. दुकान, सलून, क्लास, घरातलं शिलाईकाम, काहीही सुरू करा, 'शॉप ॲक्ट काढलं का?' हा प्रश्न येतोच. ही सेवा आज कशी चालते, तर: पावती मिळणं सोपं, पावतीवरचं नाव नडतं, आणि एका टेबलाने सोपा केलेला नियम शेजारच्या टेबलाला बराच काळ कळत नाही.

आधी कायदा. १९४८चा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम जाऊन २०१७चा महाराष्ट्राचा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याने छोट्या धंद्याचं एक मोठं काम हलकं केलं. दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी करायची गरज उरली नाही. धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत फॉर्म एफमध्ये 'सूचना' द्यायची आणि फॉर्म जीमध्ये पावती घ्यायची. इथे कुणी परवानगी देत नाही, तुम्ही कळवता आणि संगणक पोच देतो. दहा किंवा जास्त (२०२५ पासून वीस, त्याबद्दल पुढे) कामगार असतील तर फॉर्म ए भरून फॉर्म बीमधलं प्रमाणपत्र, तेही मागाल तितक्या मुदतीचं, जास्तीत जास्त दहा वर्षांचं. निरीक्षकाचा 'सुविधाकार' झाला तोही याच कायद्याने. नाव बदलल्याने किती फरक पडला ते ज्याचं त्याने ठरवावं.

प्रक्रिया 'आपले सरकार' पोर्टलवरून होते. मुंबईत महापालिकेच्या वॉर्डातला दुकाने व आस्थापना विभाग, इतरत्र कामगार आयुक्तालयाचं कार्यालय. फॉर्ममध्ये कार्यालय निवडताना चूक झाली तर पावती दुसऱ्याच हद्दीच्या नावाने निघते, म्हणून पिनकोड आणि वॉर्ड आधी कागदावर लिहून घ्या. मालकाचं ओळखपत्र, सही, स्वयंघोषणापत्र आणि मराठी पाटीसकट दुकानाचा फोटो ही मुख्य कागदपत्रं. पोर्टलवरचं प्रोफाइल उघडताना लागणारा फोटो ५ ते २० केबीत, १६० पिक्सेल रुंदीचा मागतात. मोबाइलमधला चार एमबीचा सेल्फी तिथे घेतला जात नाही आणि बरेच जण इथेच एजंटाकडे वळतात. वास्तविक फुकटच्या कोणत्याही फोटो ॲपमध्ये दोन मिनिटांत साईज कमी होते.

दुकानाच्या फोटोतली मेख वेगळी. घरून काम करणाऱ्याकडे पाटी नसते. तिथे लोक ए-फोर कागदावर ठळक मराठी अक्षरात धंद्याचं नाव आणि पत्ता छापून दारावर लावतात आणि दार, कागद, शेजारचा घर क्रमांक एकाच फोटोत येईल असा फोटो काढतात. चालतं. न चालणारं म्हणजे नुसत्या पाटीचा जवळून काढलेला फोटो, कारण त्यात जागा कुठली ते दिसत नाही.

शुल्क २३ रुपये ६० पैसे: २० रुपये सेवाशुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. याच कामाचे एजंट शेकड्यांत घेतात. गैर म्हणता येणार नाही, वेळेचे पैसे आहेत. पण 'सरकारी फी' म्हणून सांगितलेला आकडा मात्र पावतीवर तपासून घ्यावा.

आता नाव. फॉर्ममध्ये आस्थापनेचं नाव देवनागरीत लागतं आणि इंग्रजी टाइप केलं की पोर्टल त्याचं लिप्यंतर करून देतं. ते जसंच्या तसं ठेवलं की घोळ सुरू होतो. 'श्री' की 'श्रीं', 'एंटरप्रायझेस' की 'इंटरप्राईजेस', 'ट्रेडर्स' की 'ट्रेडिंग'. एवढ्याशा फरकावर बँक चालू खातं अडवते, कारण जीएसटीवर, उद्यमवर (छोट्या उद्योगांच्या केंद्राच्या नोंदणीवर) आणि खात्यावर नाव जुळायला हवं. क्रम असा ठेवा: आधी इंग्रजी स्पेलिंग पक्कं करा, ते जीएसटी किंवा उद्यममध्ये जसंच्या तसं भरा, मग त्याचं देवनागरी रूप ठरवा आणि पाटीही त्याच रूपात रंगवा. पैसे भरण्याआधी नमुना पावती दोघांनी वाचा. एकाच्या डोळ्याला स्वतःचं नाव नेहमी बरोबरच दिसतं. पावती निघाल्यावर दुरुस्ती करायची तर बदलाची वेगळी सूचना द्यावी लागते.

या पावतीचा खरा उपयोग बँकेतच असतो. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार एकल मालकीच्या धंद्याचं खातं उघडायला धंद्याचे दोन पुरावे लागतात. उद्यम नोंदणी फुकट आहे, म्हणून फॉर्म जी आणि उद्यम ही सर्वात स्वस्त जोडी. गंमत अशी की फॉर्म जीला मुदत नाही, नूतनीकरण नाही, पण बँकेच्या अर्जात 'परवाना क्रमांक' आणि 'मुदत संपण्याची तारीख' हे रकाने जिथल्या तिथेच. काउंटरवरचा माणूस 'लायसन्स आणा, ही पावती आहे' म्हणतो. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा २०१७च्या कायद्याच्या कलम ७ची छापील प्रत सोबत द्यावी. मर्यादेपेक्षा कमी कामगार असलेल्या धंद्याने सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, हे तिथे लिहिलंय.

पावती काय करत नाही, तेही माहीत असू द्या. ती जागेचा कायदेशीरपणा सिद्ध करत नाही. सोसायटीने हरकत घेतली किंवा महापालिकेने वापरातल्या बदलाबद्दल विचारलं तर फॉर्म जी पुढे करून भागत नाही. खाद्यपदार्थांना एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी वेगळी. व्यवसाय कराचं पीटीईसी, म्हणजे मालकाने स्वतःचा कर भरण्याची नोंदणी, वेगळी, वर्षाला २,५०० रुपये. एकही माणूस पगारी असेल तर पीटीआरसी, म्हणजे कामगारांच्या पगारातून हा कर कापून भरण्याची नोंदणी, हेही बघावं लागतं: पुरुष कामगाराचा पगार महिना १०,०००च्या वर गेला की २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, महिलांना महिना २५,००० पर्यंत माफी. हे पोटभाग कुठल्याही एका पोर्टलवर एकत्र दिसत नाहीत, ही या सेवेतली खरी उणीव.

नियमांचा फेरविचार इथे होतो, पण वेळापत्रकाने नाही. अमेरिकेत १९८०च्या एका केंद्रीय कायद्याने सरकारी खात्यांना छोट्या धंद्यांवर मोठा परिणाम करणारे नियम दहा वर्षांत पुन्हा तपासायला सांगितलंय. आपल्या दुकाने कायद्यात अशी तरतूद नाही. फेरविचार होतो तो केंद्र ज्यावरून राज्यांना गुण देतं त्या व्यवसाय सुधारणा कृती आराखड्यासाठी, एखाद्या मोहिमेत, नाहीतर तक्रारी साठल्यावर. नमुना हवा तर चोवीस तास दुकानांचा घ्या. २०१७च्या कायद्याने मद्यविक्री वगळता दुकानं दिवसरात्र उघडी ठेवायची मुभा दिली होती, अट एवढीच की प्रत्येक कामगाराला आठवड्यात सलग २४ तास सुटी मिळावी. तरीही रात्री दुकानं बंद करायला लावण्याच्या तक्रारी येत राहिल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारला तीच गोष्ट पुन्हा निर्णय काढून सांगावी लागली. रात्री दुकान चालवणाऱ्याने त्या निर्णयाची प्रत गल्ल्याजवळ ठेवावी.

ताजा बदल त्याहून मोठा. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दहाची मर्यादा वीसवर नेली आणि त्यापाठोपाठ अध्यादेश आला. रोजचे तास नऊवरून दहा, तिमाहीतला जादा कामाचा कमाल वेळ १२५ तासांवरून १४४. अकरा कामगारांचं मिठाईचं दुकान घ्या. आधी त्याला फॉर्म ए, प्रमाणपत्र, कामगारांना ओळखपत्र, वर्षाला ८ किरकोळ रजा, ८ भरपगारी सणाच्या सुट्या, वार्षिक विवरणपत्र असं सगळं होतं. आता ते फॉर्म एफवर आलं. मालकाला वाटतं सुटलो.

नीट मोजलं तर सुटका अर्धीच. ग्रॅच्युइटी दहापासूनच आहे आणि एकदा लागू झाली की माणसं कमी झाल्यावरही सुटत नाही. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या कायद्याखाली अंतर्गत समिती दहापासून नेमावी लागते, न नेमल्यास दंड ५०,००० रुपयांपर्यंत. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांतली व्यावसायिक सुरक्षेची संहिताही दहा कामगारांपासूनच मोजते. म्हणजे राज्याने वीसची रेघ ओढली, केंद्राची रेघ दहावरच आहे आणि मिठाईवाला दोन्हींच्या मधे उभा. कामगारांच्या बाजूनं पाहिलं तर दहा ते एकोणीस या पट्ट्यातल्या माणसाला राज्याच्या कायद्याचा आधार उरला नाही. नऊपर्यंतच्यांना तो २०१७ पासूनच नव्हता. छोट्या धंद्याचा भार मोजताना ही दुसरी बाजूही मोजायला हवी होती.

म्हणून पावती घेतली तरी हजेरीपट, पगारपत्रक आणि रजेची नोंद ठेवाच. मोजणीत शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर नेमलेला उमेदवार धरला जात नाही; 'ट्रेनी' म्हणून नुसता बोलावून घेतलेला मात्र धरला जातो.

पाटीबद्दल एक. २०१७मध्ये दहापेक्षा कमी कामगारांची दुकानं मराठी पाटीच्या सक्तीतून निसटली होती, २०२२च्या दुरुस्तीने ती पळवाट बंद केली. नाव मराठीत, देवनागरीत, आधी, आणि अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत. दारूविक्रीच्या जागेला थोर व्यक्तीचं किंवा गडकिल्ल्याचं नाव चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिल्यावर पेंटरांची चंगळ झाली. बनवतानाच मराठी ओळ वर घ्या. इंग्रजी बोर्डाखाली नंतर चिकटवलेली बारीक पट्टी नियमात बसत नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर पावतीला साडेचार, नावाच्या लिप्यंतराला दोन, आणि एक पायरी ओलांडली की पुढे काय लागतं ते सांगण्याला एक. अर्ज अडकून पडला तर सेवा हक्क कायदा, २०१५ खाली पहिलं अपील करा. अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद त्यात आहे, त्यामुळे अपिलाचा नुसता क्रमांक कळवला तरी फाईल हलते.

धंदा बंद केलात तर ३० दिवसांत तीही सूचना द्या. हे जवळजवळ कुणी करत नाही, आणि मग त्याच गाळ्यात आलेला नवा भाडेकरू जुन्या दुकानाच्या नावाने आलेल्या नोटिसा घेऊन हिंडतो.