"बसत नाही, बसत नाही" म्हणत ४७,५०० ला बसवलं! गेमिंग पीसी घेणाऱ्यांनी वाचा

४७,५०० रुपये मोजून असेम्बल्ड गेमिंग पीसी घेतला आणि आता गेम उघडला की पाच मिनिटांत फटकन बंद पडतोय. घरात आकडा ३५,००० च सांगितलाय त्यामुळं मोठ्यानं बोंबलायची पण सोय नाही.

आधीच सांगतो, मी काय अगदीच बावळट नाही. बेळगावात उद्यमबागेत व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) सेटर आहे, मायक्रोमीटरवर पोट चालतंय. पार्टची लिस्ट पण मीच काढलेली. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॉटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (पॉवर सप्लाय). लिस्टमध्ये एक खोट नव्हती, आजपण नाही, कुणालाही दाखवा. फक्त सगळं एकमेकाला कम्पॅटिबल आहे काय हे एकदा जाणकाराकडून बघून घेऊया म्हटलं, आणि इन्स्टावर बिल्डचे रील टाकणाऱ्या कोल्हापूरकडच्या एका पोराला पाठवली. प्रत्येक वाक्याला दादा. दादा हे, दादा ते.

पहिल्यांदा म्हणाला, "दादा, बी४५० वर ५००० सिरीज घालायची तर बायोस अपडेट लागतंय, बोर्ड जुन्या स्टॉकचं निघालं तर डिस्प्लेच येणार नाही." बायोस म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर. तपासलं, खरं निघालं. मग म्हणाला, "डीडीआर५ च्या नादाला लागू नका, एएम४ ला बसत नाही." एएम४ म्हणजे माझ्या बोर्डाचं सॉकेट, ते पण खरं (मी डीडीआर५ मागितलीच नव्हती ती गोष्ट वेगळी). आणि मग तिसरं, "आरएक्स ६६०० जेन ४ चं कार्ड आहे दादा, तुमचं बोर्ड जेन ३, बसत नाही, बसवलं तरी उडतंय." हे धादांत खोटं. जेन म्हणजे पीसीआयईची, कार्ड बसतं त्या स्लॉटची, पिढी; पीसीआयई नवं-जुनं दोन्ही एकमेकाला चालतं, ६६०० जेन ३ च्या बोर्डवर आरामात चालतं, फारतर थोडे फ्रेम कमी येतात. पण दोन गोष्टी खऱ्या निघाल्यावर तिसरी कोण तपासत बसतंय? तुम्ही बसला असता काय?

अशा रीतीनं २०२१ चं कार्ड काढून २०१७ चं आरएक्स ५८० माझ्या गळ्यात घातलं, किंमत मात्र तीच, ४५,०००. वर बायोस अपडेटचे २,५०० वेगळे. बायोस अपडेटला पेनड्राइव्ह लागतो हो, २,५०० नाही!

पैसे असे गेले: १०,००० ॲडव्हान्स यूपीआयनं, मग ते २,५००, मग २०,००० "पार्ट उचलायला", आणि शेवटचे १५,००० रोख, हातात. बिल मागितलं तर म्हणाला जीएसटी बिल पाहिजे तर १८ टक्के वर द्या. आता ४५,००० वर १८ टक्के म्हणजे ८,१०० होतात, कोण देईल? आपल्याकडं सगळेच असं घेतात.

आता ज्याची सगळ्यात जास्त आग होते ते सांगतो. डिलिव्हरीआधी त्यानं व्हिडिओ पाठवलेला, गेम चालू, कोपऱ्यात फ्रेमचे आकडे, बाजूला जीपीयू-झेडची (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) खिडकी उघडी. मी फ्रेमच बघत बसलो, मित्रांना पण फ्रेमच दाखवले. त्या खिडकीत शेडर्सच्या (कार्डातले छोटे कोर) पुढं स्पष्ट लिहिलंय २०४८. खऱ्या आरएक्स ५८० ला २३०४ असतात. २०४८ वालं म्हणजे चीनच्या बाजारासाठी २०१८ मध्ये काढलेलं, नाव ५८० चं आणि आतला माल आरएक्स ५७० चा, आणि ही कार्डं क्रिप्टो मायनिंगमध्ये राबवून राबवून नंतर पुसून, नवीन पेस्ट लावून विकतात हे आता मला तोंडपाठ झालंय. व्हिडिओ अजून गॅलरीत आहे. रात्री झोप नाही लागली की लावून बघतो, २०४८, २०४८. एवढं ढळढळीत! लपवलं पण नव्हतं भाड्यानं. कामावर जॉब आला की ड्रॉइंगशी मोजल्याशिवाय मी पुढं सोडत नाही, आणि इथं... जाऊ दे. विकणारा स्वतः व्हिडिओ देतोय म्हटल्यावर माणूस विश्वास ठेवणारच की.

डिलिव्हरी कुठं, तर कोगनोळी नाक्याच्या अलीकडं एका पेट्रोल पंपावर. "दादा अर्ध्या वाटेत भेटूया, तुमचं डिझेल वाचतंय." पंपावर प्लग कुठला आणि मॉनिटर कुठला? आरजीबीचे फॅन बघून डिक्कीत घातलं. जिथं चालू करून बघता येत नाही तिथं रोख द्यायची नाही, लिहून ठेवा.

शेवटी शहापुरातल्या एका रिपेअरवाल्यानं उघडलं. एसएमपीएस वर ५५० वॉटचा स्टिकर, उचलला तर पुठ्ठ्यासारखा हलका. त्याला कार्डाची ८ पिन वायरच नाही, हार्डडिस्कच्या वायरला कन्व्हर्टर लावून कार्डाला जोडलेलं, ती वायर गरम होऊन पिवळी पडलेली. असला कन्व्हर्टर दिसला की पीसी चालूच करू नका, पेटतंय. रॅम दोनऐवजी १६ ची एकच कांडी. प्रोसेसर तेवढा खरा निघाला, तोही का सोडला कुणास ठाऊक. कार्डाचे म्हणे साडेतीन हजार येतील, नवीन एसएमपीएसला ३,९०० गेले.

आणि आता आपली व्यवस्था. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणतात, वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली, हे सिव्हिल आहे. अर्ज कन्नडमध्ये आणा. मी कन्नड फाडफाड बोलतो पण लिहायला येत नाही, बाहेर २०० रुपये देऊन लिहून घेतला. तो नेला तर "नाळे बन्नी", म्हणजे उद्या या. उद्या गेलो तर परत नाळे बन्नी. मग कुणीतरी शोध लावला की पोरगा महाराष्ट्रातला, तिकडं जावा. तिकडं गेलो तर, तुमचं आधार बेळगावचं, पैसे दिले कर्नाटकात, तिकडंच नोंदवा. सीमेचा वाद एवढी वर्षं कोर्टात आहे, गाव आमचं म्हणून दोन्हीकडून भांडतात, पण तक्रार घ्यायची वेळ आली की आम्ही कुणाचेच नाही! गेम खेळायचा पीसी म्हटल्यावर एकजण हसला पण. ४७,५०० मध्ये हसण्यासारखं काय आहे?

१९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावायचा तर पैसे गेल्या गेल्या लावा, कुठल्या तरी खात्यात असेपर्यंतच ते थांबवता येतात. मला तो रोज "दादा उद्या बदलून देतो" म्हणत राहिला, तेवढ्यात खातं रिकामं. आणि त्यानं व्हॉट्सॲपवर २४ तासांनी मेसेज आपोआप जायचं सेटिंग लावलेलं, असलं दिसलं की त्याच मिनिटाला स्क्रीनशॉट काढायला सुरू करा. कन्सल्टिंग करणाऱ्याकडूनच माल घेऊ नका, बसतंय की नाही हे सांगणारा वेगळा आणि विकणारा वेगळा पाहिजे.

आता ग्राहक आयोगात टाकणार आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा कुठला का असेना, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. हे ठाण्यात एकानंही सांगितलं नाही. त्याचं अकाउंट अजून चालू आहे, कालच नवीन बिल्ड टाकलाय, ४४,९९९, परत ५८०. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज भागात कुणाला असंच पंपावर बोलावून दिलं असेल तर यूपीआयचे स्क्रीनशॉट घेऊन मला कळवा, एकत्र तक्रार करता येते.