ब्राउझरमधल्या बिलिंगवरून किचनमध्ये केओटी: तीन मार्ग

हॉटेलचं बिलिंग क्रोममध्ये चालतं आणि केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, मात्र आत किचनच्या थर्मल प्रिंटरवर निघायला हवी. हा प्रिंटर नेटवर्कवर बहुधा ९१०० पोर्टवर, म्हणजे एका ठरलेल्या दारावर, कान लावून बसलेला असतो, पण वेबपेजला त्या पोर्टशी थेट बोलायची मुभा ब्राउझर देत नाही. गूगल क्लाउड प्रिंटच्या, म्हणजे इंटरनेटवरून प्रिंट पाठवायच्या सेवेच्या, भरवशावर राहिलेल्यांना ३१ डिसेंबर २०२० ला ती सेवा बंद झाल्यावर नवी सोय शोधावी लागली.

पहिला मार्ग ब्राउझरचीच प्रिंट. फुकट, आणि मराठी अक्षरं व्यवस्थित येतात, कारण फॉन्ट कॉम्प्युटरचा. पण प्रत्येक ऑर्डरला प्रिंटची खिडकी उघडते. रविवारी दुपारी ती कोण बंद करत बसणार? क्रोम किऑस्क-प्रिंटिंगचा स्विच (न विचारता छापायची सूचना) देऊन सुरू केलं तर खिडकी जाते, पण सगळं एकाच ठरलेल्या प्रिंटरवर निघतं. चहा एकीकडे, तंदूर दुसरीकडे हे जमत नाही. ग्राहकाच्या बिलाला हा मार्ग पुरतो.

दुसरा म्हणजे काउंटरच्या पीसीवर क्यूझेड ट्रेसारखा छोटा प्रोग्राम. पेज त्याच्याशी बोलतं, तो हव्या त्या प्रिंटरला मजकूर पोचवतो. क्यूझेड ट्रे ओपन सोर्स आहे, पण ‘छापू का?’ अशी परवानगी त्याने सारखी मागायला नको असेल तर डिजिटल सर्टिफिकेटची (ओळखपत्राची) व्यवस्था लावावी लागते. पीसी बंद, तर केओटीही बंद.

इथे एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. प्रिंटरला साधा मजकूर पाठवला की ‘कोल्हापुरी मिसळ’च्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात, कारण बहुतेक थर्मल प्रिंटरच्या पोटात देवनागरी नसते. मजकुराचं चित्र करून पाठवावं लागतं. ८० मिमी कागदाच्या २०३ डीपीआय (इंचाला २०३ ठिपके) प्रिंटरला ते साधारण ५७६ ठिपके रुंद हवं. आचारी मराठी वाचणारा असेल तर हे आधी विचारा.

तिसऱ्या मार्गात प्रिंटरच हुशार असतो. एप्सनच्या काही मॉडेलना ब्राउझर थेट आज्ञा देऊ शकतो, पण साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) आणि प्रिंटर साध्या एचटीटीपीवर असला की ब्राउझर अडवतो. मग प्रिंटरही एचटीटीपीएसवर घ्या आणि त्याचं सर्टिफिकेट प्रत्येक टॅबलेटवर मान्य करत फिरा. स्टारच्या क्लाउडपीआरएनटीत उलटं आहे: प्रिंटरच दर काही सेकंदांनी सर्व्हरला विचारतो, काही छापायचंय का? पीसी लागत नाही, राउटरमध्ये हात घालावा लागत नाही. मात्र प्रिंटर महाग, आणि इंटरनेट गेलं की तो मुका.

एक काउंटर, एक पीसी असेल तर मी डोळे झाकून दुसरा मार्ग घेईन. वेटरच्या हाती टॅब असतील आणि इंटरनेटची दुसरी लाइन असेल, तरच क्लाउडपीआरएनटी.

पैसे देण्याआधी डेमोत प्रिंटरचा कागद काढून केओटी पाठवून बघा. बरीच सॉफ्टवेअर पाठवून मोकळी होतात. काउंटरवर ‘छापलं’ दिसतं आणि आत आचारी रिकाम्या हाताने उभा असतो.