पन्हाळा की रांगणा?

कोल्हापुरात पाहुणे आले, एकच रविवार हाताशी आहे आणि गड बघायचाय, तर बहुतेक जण पन्हाळाच सांगतील. इतिहास तोलायचा तर ते बरोबरच आहे. 1660 चा सिद्दी जौहरचा वेढा, 1673 मध्ये कोंडाजी फर्जंदांनी साठ मावळ्यांनिशी मारलेला छापा, हे सगळं इथलंच. अंबरखान्याच्या कोठारांत उभं राहिलं की गड महिनोन्‌महिने कसा तगला ते वेगळं सांगावं लागत नाही. तीन दरवाजाच्या कोरीव कामापुढे मी आजही रेंगाळतो.

तरी पाहुणे चालणारे असतील तर मी गारगोटीचा, म्हणजे रांगणा गडाचा रस्ता धरतो. कारण एकच, पन्हाळ्यावर गाडी सुटत नाही. गावच गडावर वसलेलं, त्यामुळे डांबरी रस्ता थेट आत. वाटेवरचा चार दरवाजा 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडात इंग्रजांनी पाडला, म्हणजे दारातून गडात शिरणंही नशिबी नाही. मग सज्जाकोठी, अंधारबाव, तबक उद्यान. दर ठिकाणी गाडी लावायला जागा शोधा, उतरा, परत बसा. तेवढ्यात मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतंच, "इथं उतरायचंय का?" आणि पुसाटी बुरूज राहून जातो. तटबंदी कुठून कुठं गेली ते शेवटपर्यंत कळत नाही. तुम्हाला कदाचित हे खटकणार नाही. मला फार खटकतं.

रांगण्याला हा प्रश्नच येत नाही. कडगाव, पाटगाव करत भटवाडी गाठायची. पुढं चिक्केवाडीपर्यंत जीप जाते म्हणतात, पण ती वाट जंगलातून चालण्यासारखीच आहे. शेवटी खिंडीत उतरून पहिल्या दरवाजाशी पोचलात की एकामागून एक दरवाजे लागतात, आणि गड कसा राखला असेल ते पायांनाच समजतं. 1708 मध्ये शाहू महाराजांनी पन्हाळा घेतला, तेव्हा ताराराणींच्या पक्षाला आधार झाला तो हाच गड. याला वेढा पडला, पण गड पडला नाही. वर रांगणाईचं देऊळ, तलाव आणि सोंडेसारखी लांब गेलेली माची. माचीच्या टोकाला खाली सगळं कोकण.

अडचणी आहेत. पूर्ण दिवस जातो, वर खायला काही मिळत नाही, पावसात ओढे भरतात आणि जळवा लागतात. घरात वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर सरळ पन्हाळ्याला जा. झुणका-भाकरी खा, जमलं तर सकाळी लवकर पोचून तीन दरवाजा ते पुसाटी तेवढं तरी पायी करा.

बाकीच्यांनी दिवाळीनंतरचा एखादा दिवस बघून पहाटेच निघावं, भाकरी-खर्डा बांधून घ्यावा. परतीला पाटगावात मौनी महाराजांच्या मठात डोकं टेकवा आणि मध घ्या. मधाचं गाव म्हणूनच ते आता ओळखलं जातं.