मासळीची पिकप घ्यावी की चिऱ्याची? जुन्या डिझेल गाडीचा ब्लॉक बघताना

कोकणात जुनी डिझेल पिकप शोधायला निघालात की फिरून फिरून दोनच जातीच्या गाड्या समोर येतात, एक मासळी ओढलेली आणि दुसरी चिरे ओढलेली. आंब्याच्या हंगामापुरती चाललेली मिळाली तर नशीब, पण तशी गाडी बहुतेक नात्यातच खपते. बोलेरो पिकप नाहीतर टाटा 207, किंमत पण उन्नीस-बीस, मग घेणारा विचारतो की ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सिलिंडर असलेला बिडाचा मुख्य सांगाडा, फुटायची भीती कुठल्या गाडीत जास्त.

आधी ते आकड्याचं खूळ बाजूला ठेवू. व्हिडिओ बघून काहीजण ब्लॉकवर नंबर शोधत बसतात, पण तो मामला अमेरिकेतला आहे. तिकडे डॉज रॅम पिकपमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडर, 24 व्हॉल्व्हचं इंजिन यायचं, त्यातल्या साधारण 1999 ते 2001 च्या काही ब्लॉकवर बाजूला उठावात 53 ओतलेलं असतं. त्या ब्लॉकची वॉटर जॅकेटची, म्हणजे सिलिंडरभोवती पाणी फिरतं त्या पोकळीची, भिंत पातळ, त्यामुळे बाजूला आडवा तडा जातो आणि कुलंट झिरपायला लागतं. म्हणून तिकडचा घेणारा आधी टॉर्च मारून 53 बघतो, आणि तरी प्रत्येक 53 फुटतोच असंही नाही. आपल्याकडच्या 2523 सीसीच्या बोलेरोला किंवा 2956 सीसीच्या 207 ला असा आकडा बघून निकाल लागत नाही. इथे ब्लॉक जातो तो पाण्याने आणि लोडने, त्यामुळे गाडीने आधी काय ओढलं हे विचारा, मॉडेल नंतर.

चिऱ्याची गाडी घ्या. जांभा भरताना पासिंग (कागदावर मंजूर वजन) किती आणि भरतात किती हे सगळ्यांना माहीत आहे. खाणीतून वर येणारा कच्चा चढ, पहिला-दुसरा गिअर, इंजिन बोंबलतंय आणि गाडी चालतेय माणसाच्या वेगाने, म्हणजे रेडिएटरला समोरून वारा नाहीच, सगळी भिस्त फॅनवर. काटा वर गेला की ड्रायव्हर उतरतो, कॅप सोडतो आणि जवळच्या विहिरीचं नाहीतर वहाळाचं गार पाणी त्या तापलेल्या इंजिनात ओततो. बिडाला हेच सोसत नाही, आतून एकदम गार, बाहेरून तापलेलं, मग ब्लॉकवर बसणारं हेड वाकतं, त्या दोघांमधलं गॅस्केट उडतं आणि पुढच्या एखाद्या वेळी ब्लॉकलाच तडा. शिवाय वर्षानुवर्षं साधं पाणी घातलेलं असल्याने आतली भिंत गंजून पातळ होते ती वेगळीच.

मासळीची गाडी दिसायला भयाण. बर्फ वितळून खारं पाणी रात्रभर चेसिसवर गळतं, हौद्याखालचे क्रॉस मेंबर पापुद्र्यासारखे सुटतात, ब्रेकचे पाईप गंजतात. पण मिरकरवाड्याच्या नाहीतर हर्णैच्या बंदरातून निघालेली गाडी हायवेला लागते आणि रात्रीच्या गारव्यात एका चालीने पळते, इंजिनाला वारा भरपूर. माल नाशिवंत, वाटेत बंद पडली तर अख्खी खेप कुजली, म्हणून मालक कुलंट, बेल्ट, होस पाईपकडे लक्ष देतो. सगळेच देतात असं नाही, पण चिरेवाल्यापेक्षा जास्त. ब्लॉकच्या बाजूला त्या गोल पत्र्याच्या डब्या बसवलेल्या असतात ना, त्या मात्र खाऱ्या हवेने सडतात आणि तिथून पाणी गळतं. ते बघून लोक ब्लॉक फुटला म्हणून घाबरतात, खरं तर डबी बदलली की काम झालं.

म्हणून माझं मत मासळीच्या गाडीकडे, अट एकच, चेसिसला हातोडीने ठोकून बघा. टणटण वाजला तर ठीक, भद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर सोडून द्या. चेसिसचा गंज डोळ्यांना दिसतो, ब्लॉकचा तडा लपवता येतो.

आता तो कसा पकडायचा. गाडी सकाळी थंडच चालू करायची, मालकाला फोनवर सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत स्टार्ट मारू नका, आणि बॉनेटला हात लावून बघा, गरम लागला तर आधीच कारभार झालाय. इंजिन नुकतंच धुतलेलं किंवा ब्लॉकवर ताजा रंग असला तर मी दोन पावलं मागे जातो, एम-सील तर सरळ नकारच. ब्लॉकच्या बाजूने पांढरट किंवा हिरवट सुकलेला ओघळ दिसतो का ते टॉर्चने बघा. चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांत वरचा होस दगडासारखा कडक झाला, रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबेनात, तर कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाबाचा गॅस, पाण्यात जातंय. पण हे गॅस्केटनेही होतं, हेडच्या तड्यानेही होतं, त्यामुळे लगेच ब्लॉकवर शिक्का मारू नका. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस म्हणजे इंजिन गेलं असंही पावसाळ्यात धरू नका, आपल्याकडच्या दमटीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीला तो येतोच. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर मात्र काढता पाय घ्या. आणि मिस्त्रीला सांगून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, आहे का बघा. काढून टाकलेला असला तर ही गाडी आधी गरम मारत होती असा संशय धरा.

मन बसलं की मग रेडिएटरला हवेचं प्रेशर देऊन टेस्ट करून घ्या, अर्ध्या-पाऊण तासाचं काम, मालक नको म्हणाला तर उत्तर मिळालंच.

काही गाड्यांत ब्लॉक आधीच रिपेअर केलेला असतो. बिडाचं वेल्डिंग नीट तापवून, हळूहळू गार करत केलं नाही तर वेल्डच्या शेजारीच नवा तडा जातो. त्यापेक्षा तड्यावर ओळीने भोकं पाडून पिना आवळतात ते स्टिचिंग बरं, त्यात उष्णता नाही, पण ते बाहेरच्या पाण्याच्या भिंतीपुरतंच, सिलिंडरच्या बोअरमध्ये किंवा क्रँक बसतो तिथे तडा असेल तर त्या गाडीच्या नादी लागू नका. तिसरा प्रकार म्हणजे हाफ इंजिन, म्हणजे हेड सोडून खालचा ब्लॉक, पिस्टन आणि क्रँकचा भाग, बदललेलं. चालायला हे सगळ्यात चांगलं असू शकतं, फक्त ब्लॉकवरचा इंजिन नंबर आरसीशी जुळवून बघा. जुळत नसेल तर बदलाची नोंद आरटीओत करून आरसी नीट करून द्या असं मालकालाच सांगा आणि तोवर अ‍ॅडव्हान्स देऊ नका, कारण उद्या विम्याचा क्लेम अडला किंवा ट्रान्सफरचे कागद परत आले तर पळापळ तुमची.