ट्रायअ‍ॅमसिनोलोन ओरल पेस्ट ०.१ टक्के: गालाला उत्तम, हिरड्यांना अपुरी

तोंडातल्या लायकेन प्लॅनससाठी (आतल्या त्वचेवर पांढरी जाळी, लाली आणि जखमा आणणारा दीर्घकाळचा आजार) अनेकदा हीच ट्यूब आधी लिहून दिली जाते आणि बहुतेक जण ती चुकीचीच लावतात. बोटाने चोळली की ती रवाळ होते, जीभ ते कण ढकलून काढते आणि दोन दिवसांत 'काही गुण नाही' म्हणून ट्यूब बाजूला पडते. यात औषधाचा दोष असला तर निम्माच.

औषध आहे ट्रायअ‍ॅमसिनोलोन अ‍ॅसिटोनाइड, मध्यम ताकदीचं स्टिरॉइड, ग्रॅममागे १ मिलिग्रॅम. बाकी सगळा बेस. त्यात जिलेटिन, पेक्टिन आणि सोडियम कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज तेलकट जेलमध्ये मिसळलेले असतात. ओल लागली की हे घटक फुगून चिकट होतात आणि जखमेवर पापुद्रा धरतात. खरी करामत या बेसचीच आहे, आणि चोळल्याने तोच फुटतो.

म्हणून लावताना घाई नको. जेवण झाल्यावर चूळ भरून जागा गॉझने टिपून घ्यावी. पुसू नये, नाहीतर नाजूक साल निघते. जागा लाळेने ओलीचिंब असेल तर पेस्ट घसरते. साधारण ६ मिलिमीटर लांबीची पेस्ट बोटाच्या टोकावर घ्यावी आणि चट्ट्यावर नुसती दाबावी. गुळगुळीत पातळ थर दिसला की हात काढायचा. जाड थराचा फायदा नाही. तो जिभेला खुपतो आणि जीभ तो उखडते. पुढचा अर्धा तास खाणंपिणं बंद. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्रीचा थर सर्वांत जास्त वेळ टिकतो. दिवसातून एकदाच लावणं जमत असेल तर ते झोपतानाच करावं.

गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या बाजूला एकदोन चट्टे असतील तर या पेस्टला पैकीच्या पैकी गुण. जिभेच्या कडेवर मात्र ती तग धरत नाही. आणि हिरड्या वरपासून खालपर्यंत लालभडक होऊन त्यांची साल सुटत असेल, तर ही ट्यूब जवळजवळ वाया. एवढ्या लांब पट्ट्यावर पातळ थर बसवणार कसा, आणि स्टिरॉइडची ताकदही तिथे कमी पडते.

हिरड्यांसाठी क्लोबेटासोल ०.०५ टक्के जेल दातांवर बसणाऱ्या मऊ ट्रेमधून देणं कितीतरी सरस. दाताचे डॉक्टर माप घेऊन ट्रे बनवतात. तो घेताना एक गोष्ट आरशात जरूर पाहावी: ट्रेची कड दातांपाशीच थांबते, की लाल पट्टा पूर्ण झाकून थोडी पुढे जाते? दात पांढरे करण्याचे ट्रे दातांपाशीच थांबतात. ते इथे कुचकामी. जेलचा बारीक पट्टाच पुरे. जास्त भरलं की बाहेर येतं आणि गिळलं जातं, आणि इतकं तीव्र स्टिरॉइड पोटात जायला नको. १० ते २० मिनिटांनी ट्रे काढून उरलेलं जेल थुंकावं. लाली उतरली की डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात. आपल्या मनाने एकदम बंद केलं तर आजार पुन्हा उसळू शकतो.

दोन्ही औषधांची सर्वांत नेहमीची अडचण म्हणजे बुरशी. आग अचानक वाढली आणि पांढरे थर दिसू लागले तर गॉझने पुसून पाहावं. निघाले तर बुरशीचा संशय घ्यावा. लायकेन प्लॅनसची पांढरी जाळी पुसून जात नाही. अशा वेळी स्टिरॉइड वाढवलं तर बुरशी फोफावते. आधी तिच्यावर औषध हवं. कवळी, कोरडं तोंड किंवा मधुमेह असेल तर हे लवकर घडतं. नागिणीसारख्या विषाणूच्या फोडांवर ही पेस्ट लावूच नये.

७ दिवसांत जखम भरायला लागली नाही तर पुढची ट्यूब आणू नये, निदान तपासून घ्यावं. हिरड्यांची साल लायकेन प्लॅनसमध्ये सुटते, तशी पेम्फिगॉइड आणि पेम्फिगस या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटून फोड आणणाऱ्या आजारांमध्येही सुटते, आणि नुसत्या नजरेने फरक कळत नाही. पेम्फिगसची सुरुवात पुष्कळदा तोंडातच होते आणि महिनोन्‌महिने 'तोंड आलंय' म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू राहतात. त्याला पोटातून औषध लागतं. पेस्ट फार तर सोबतीला. पेम्फिगॉइडमध्ये डोळे लाल होऊन खुपत असतील तर नेत्रतज्ज्ञांकडे जायला उशीर नको, कारण तिथे पडलेले व्रण नजरेवर बेततात.

निदानासाठीची बायॉप्सी (तपासणीसाठी काढलेला छोटा तुकडा) जखमेच्या मधून घेऊ नये, लगतच्या साबूत दिसणाऱ्या कडेची घ्यावी. तुकडे दोन लागतात: एक नेहमीच्या तपासणीसाठी फॉर्मेलिनमध्ये, दुसरा इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (त्वचेत साचलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणारी तपासणी) मिशेल द्रावणात. दोन्ही फॉर्मेलिनमध्ये गेले तर दुसरी तपासणी हुकली आणि पुन्हा तुकडा काढणं आलं. डॉक्टरांना हे आधीच विचारायला संकोच करू नये.

टूथपेस्टचंही पाहावं. सोडियम लॉरिल सल्फेट, दालचिनी किंवा झणझणीत पुदिना असलेली टूथपेस्ट उघड्या हिरड्यांना जाळते. पण दुखतं म्हणून ब्रशच सोडला तर कीट साचतं आणि सूज आणखी वाढते. अगदी मऊ ब्रश, सौम्य टूथपेस्ट, आणि घासणं नेहमी औषध लावण्याआधी.