टेरेससाठी बोगनवेल की जास्वंद? (आणि अडेनियमचं काय)

पुण्यात अटॅच्ड टेरेसवाला फ्लॅट मिळाला की माणूस पहिल्याच रविवारी मांजरी नाहीतर उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांकडे गाडी वळवतो, आणि तिथे सगळंच फुललेलं असतं त्यामुळे नेमकं काय उचलावं ते सुचत नाही. ज्यांना टेरेसवर रंग हवाय पण रोज तासभर झाडांमागे घालवणं जमणार नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमचं टेरेस पुण्यात, पश्चिमेला तोंड, दुपारपासून कडक ऊन. बोगनवेल, जास्वंद, अडेनियम तिन्ही कुंडीत लावून झालंय. मोजमाप वगैरे काही नाही, जे दिसलं ते सांगतो.

अडेनियमचं पटकन उरकतो. दिसायला एकदम देखणं, तो फुगीर बुंधा बघून पाहुणे आधी त्याच्याकडेच जातात. पण मूळचं आफ्रिका-अरबस्तानातल्या कोरड्या भागातलं झाड, आपल्याकडची जुलैची झड त्याला सोसत नाही. बुंधा आतून सडतो, आणि बोटाने दाबल्यावर मऊ लागला म्हणजे बहुतेक वेळ गेलेली असते. वर शेड असेल तर खुशाल घ्या. चीक विषारी असतो, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर तेवढं बघा.

खरी चुरस उरलेल्या दोघांत.

जास्वंदीच्या बाजूने बोलायचं तर आधी आईचंच ऐकावं लागेल. गणपतीला लाल फूल घरचंच हवं, विषय संपला. एक फूल एकच दिवस टिकतं हे खरं, पण झाड खूश असेल तर रोज सकाळी नवीन असतंच, आणि भर पावसातही फुलतं, जेव्हा बोगनवेल नुसती पानं काढत बसलेली असते. हल्ली ती हायब्रीड कलमं मिळतात, ताटलीएवढी फुलं, पिवळ्यात मरून, केशरीत जांभळी, फोटो एकदम झकास येतो. ऊनही फार मागत नाही, सकाळचं चारेक तास मिळालं तरी भागतं.

पण मिलीबग! ज्याला पिठ्या ढेकूण म्हणतात तो. सुरुवातीला कळीच्या देठाशी कापसाचा एवढासा ठिपका दिसतो, आपण म्हणतो धूळ असेल, आणि आठवड्याभरात शेंड्याची पानं आक्रसून मुठीसारखी होतात, कळ्या न उमलताच गळायला लागतात. मग मुंग्या. मिलीबग जो गोड चिकटा सोडतो तो खायला मुंग्या येतात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात, आमच्याकडे तर एसीच्या पाइपवरून थेट कुंडीपर्यंत रांग लागलेली असायची. तोच चिकटा खालच्या पानांवर पडतो, त्याच्यावर काळी बुरशी धरते, आणि आमच्या कपड्यांची दोरी नेमकी त्याच कोपऱ्यातून जात असल्यामुळे धुतलेली चादर परत धुवायची वेळ यायची, त्यावरून घरात जे बोलणं व्हायचं ते इथे लिहीत नाही.

उपाय सगळे केले. पाण्याचा जोरदार फवारा, लिटरला 5 मिली नीम तेल आणि वर साबणाचे दोन थेंब, तंबाखूचं पाणी, जुन्या टूथब्रशने फांद्या घासणं. फरक पडतो, नाही असं नाही. पण त्याच्या अंगावर मेणासारखा थर असतो, अंडीसुद्धा त्या कापसातच लपलेली, त्यामुळे दर आठवड्याला चिकाटीने करत राहावं लागतं आणि आपण एक सुट्टी घेऊन कोकणात जाऊन आलो की पुन्हा पहिल्यापासून. देशी पाच पाकळ्यांच्या लाल जास्वंदीला हा त्रास जरा कमी वाटला मला, हायब्रीडला फार. कदाचित आमच्या टेरेसवरची कोंदट हवा कारण असेल, मोकळ्या वाऱ्याच्या जागी एखाद्याला काहीच त्रास झाला नसेल, शक्य आहे.

बोगनवेलीलाही मिलीबग लागूच शकत नाही असं नाही म्हणणार, पण आमच्याकडे त्याच टेरेसवर, जास्वंदीच्या शेजारी असूनही, तिला तो कधी लागला नाही. तिचे त्रास वेगळे. काटे आहेत, छाटताना जाड हातमोजे लागतातच. आणि त्या कागदी रंगीत पाकळ्या (खरं फूल म्हणजे मधलं ते पांढरं इवलंसं, रंग असतो तो भोवतीच्या पानांचा) वाळल्या की वाऱ्याने टेरेसभर होतात आणि पाण्याच्या पाइपच्या जाळीवर जाऊन बसतात, पहिल्या वळवाच्या आधी जाळी साफ केली नाही तर टेरेसचं तळं. पण हे झाडूने निस्तरतं, फवारणीने नाही. माझ्यासाठी फरक एवढाच, पण तोच महत्त्वाचा.

शिवाय मे महिन्यात चार दिवस गावाला गेलं तरी ती तग धरते, कुंडीतली जास्वंद तोवर मान टाकते. उलट थोडी तहानलेली ठेवली तरच बोगनवेल फुलते. पाऊस संपला की ऑक्टोबरात हलकी छाटणी करायची, पानं किंचित लुळी पडेपर्यंत पाणी द्यायचं नाही, मग पोटभर द्यायचं, असं दोन-तीनदा केलं की कळ्या धरतातच. लाड करून शेणखत, युरिया घातलं तर नुसता पाला. मात्र ऊन पाच-सहा तास पाहिजेच, त्यात तडजोड नाही. तुमचं टेरेस उत्तरेला असेल किंवा समोर उंच बिल्डिंग असेल तर बोगनवेलीच्या नादाला लागू नका, सरळ देशी जास्वंद घ्या आणि नीम तेल हाताशी ठेवा.

आईची लाल जास्वंद आता खाली सोसायटीच्या कंपाउंडला जमिनीत लावलीये, तिथे ती आनंदात आहे. वर टेरेसवर बोगनवेलच.

घेणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत घ्या, फुललेली असते त्यामुळे रंग डोळ्यांनी बघून घेता येतो, नर्सरीवाल्याच्या शब्दावर नको. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीतच असतं, तिथे एक चक्कर मारलीत तर रंग ठरवायला सोपं जाईल. दोन रंग एकाच वेलीवर हवे असतील तर थिम्मा नावाची जात विचारा, पांढरी-राणी फुलं आणि पानंही पिवळट छटेची, फूल नसतानाही बरी दिसते. कुंडी 12-14 इंची पुरे, मुळं जरा दाटलेली बरी. आणि पिशवी कापताना मातीचा गोळा फुटू देऊ नका, तिची मुळं बारीक असतात, एकदा दुखावली की वेल महिनाभर रुसून बसते.